फॉर्म भरला, आता पुढे काय? स्कॉलरशिप सेमिस्टरभर कशी सांभाळायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी स्कॉलरशिपचं टेबल सांभाळते, नऊ वर्षं झाली. मुलं, त्यांचे आईवडील, कधी आजोबासुद्धा एसटीने येतात, आणि जे विचारतात ते दरवर्षी साधारण तेच असतं म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलंय. जी मुलं बसतच नाहीत योजनेत त्यांचं वाईट वाटतंच, पण जी बसतात, ज्यांचा फॉर्म बरोबर आहे आणि तरी पैसे हातचे जातात, ते बघवत नाही, कारण ते बहुतेक वेळा ऑक्टोबर ते मार्च या काळात कुणी लॉगिन करून बघितलं नाही एवढ्याचसाठी जातात.

फॉर्म सबमिट केला, प्रिंट कॉलेजला दिली. झालं ना आता माझं काम?

नाही. खरं काम इथून सुरू होतं. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाईटवरचा, फॉर्म आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग त्या त्या खात्याच्या जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ऑफिसात, मग पुढे मंजुरी आणि बिल. यातल्या कुठल्याही टप्प्यावर तो परत येऊ शकतो. आणि परत आला की घरी पत्र वगैरे काही येत नाही, मेसेज आला तर आला, तोसुद्धा फॉर्म भरताना ज्याचा नंबर टाकला त्याच्याकडे, आणि तो नंबर अर्ध्या वेळा सायबर कॅफेवाल्याचा नाहीतर मुंबईत असलेल्या काकाचा असतो.

म्हणून एक सवय लावा. आठवड्यातून एकदा, समजा दर शनिवारी, लॉगिन करून स्टेटस बघायचं. दोन मिनिटं लागतात. गावात रेंज नसेल तर कॉलेजला आल्यावर लायब्ररीत बसून बघा, पण बघा.

स्टेटस कुठे दिसतं आणि त्यातलं कळणार कसं?

लॉगिन केलं की डाव्या बाजूला 'माय अप्लाइड स्कीम' असं येतं, तिथे तुमचा अर्ज आणि तो सध्या कोणाच्या टेबलावर आहे ते दिसतं. 'अंडर स्क्रुटिनी' आणि पुढे इन्स्टिट्यूट असं लिहिलं असेल तर तो आमच्याकडेच आहे, सरळ ऑफिसात या, लाजायचं काही कारण नाही. खात्याचं नाव दिसत असेल तर आमच्याकडून पुढे गेलाय. एकाच टेबलावर महिना-दीड महिना हललाच नाही तर विचारायला या, आधी आला तरी चालेल, पण उशिरा नको.

'सेंड बॅक' आलंय. म्हणजे रिजेक्ट झाला का?

नाही हो. हे मी दिवसातून चार वेळा सांगते. सेंड बॅक म्हणजे दुरुस्तीसाठी परत पाठवलाय, कारण बाजूला लिहिलेलं असतं, आणि दुरुस्त करून तुम्हालाच परत सबमिट करायचं असतं. मुलं 'रिजेक्ट झाला' समजून गप्प बसतात, तारीख निघून जाते आणि मग तो खरोखरच जातो.

कारणं बहुतेक वेळा साधी असतात. मार्कशीट अस्पष्ट, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा, गॅप असून गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही, रेशनकार्डाचं फक्त पहिलं पान स्कॅन केलंय आणि नावांचं पान नाही, फी पावतीवरचा आकडा आणि फॉर्ममधला आकडा वेगळा. मोबाईलने फोटो काढताना कागद जमिनीवर ठेवून वरून काढला की स्वतःचीच सावली पडते आणि नेमका बारकोड काळा दिसतो, तेव्हा दिवसा पडवीत उजेडात काढा किंवा स्कॅनरवर करा.

पैसे मंजूर झाले असं दिसतंय पण खात्यात आलेच नाहीत. गेले कुठे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्कॉलरशिपचे पैसे तुम्ही फॉर्मवर जो खाते नंबर लिहिता त्यावर जात नाहीत. ते जातात आधारवर. म्हणजे तुमच्या आधार नंबरला एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार सांभाळणारी संस्था) यादीत जी बँक जोडलेली असेल तिच्यात. आणि त्या यादीत एका वेळी एकच बँक असते, जी सगळ्यात शेवटी जोडली ती. आता होतं काय, मुलाचं खातं गावच्या बँकेत, पासबुक कपाटात, सगळे रोज तेच पासबुक भरून आणतात आणि पैसे मात्र दुसरीकडेच.

हे माझ्या स्वतःच्या भावाचं झालंय. तो डिप्लोमाला होता, पहिला हप्ता व्यवस्थित आला, दुसरा आलाच नाही. बँकेत चार फेऱ्या, ते म्हणाले आमच्याकडे काही नाही. आई रोज विचारायची. सहा महिन्यांनी कळलं की दिवाळीत त्याने बाजारपेठेत नवीन सिमकार्ड घेतलं तेव्हा दुकानातल्या मुलाने अंगठा दोनदा घेतला होता, एकदा सिमसाठी आणि एकदा एका मोबाईल खात्यासाठी, आणि ते खातं आधारला जोडलं गेलं. पैसे तिथे पडून होते, नशीब की परत मिळाले. त्या सहा महिन्यांत बाबांनी फीसाठी उसने घेतले होते ते वेगळंच.

तर तुम्ही काय करायचं? आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधारला कोणती बँक जोडलीय ते, बघा, ओटीपी येतो, लगेच बँकेचं नाव आणि खातं चालू आहे की बंद ते दिसतं. ज्या बँकेचं नाव दिसतंय तिथेच पैसे जाणार. नको असलेली बँक दिसत असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या, आणि तिथे नीट सांगा की 'डीबीटीसाठी एनपीसीआयला जोडायचंय' (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात), नुसतं 'आधार लिंक करा' म्हटलं की ते खात्याला आधार जोडून मोकळे होतात आणि एनपीसीआयचं राहतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याने परत स्टेटस बघून खात्री करा.

अजून एक. बारा-तेरा वर्षांचा असताना काढलेलं शाळेतलं झिरो बॅलन्स खातं असेल तर ते मायनरचं असतं, अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी करावं लागतं. नाही केलं तर खातं गोठतं आणि आलेले पैसे परत जातात. आणि ओटीपी यायला आधारला चालू मोबाईल नंबर लागतो, तो बदलला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो अपडेट करा.

रिडीम म्हणजे काय? मैत्रिणीला आलं, मला नाही आलं.

काही योजनांत हप्ता मंजूर झाला की लॉगिनमध्ये रिडीमचा पर्याय दिसतो, तो दाबून मान्य केल्याशिवाय पैसे पुढे सरकत नाहीत. दिसला तर त्याच दिवशी करून टाका. नाही दिसला तर तुमचं बिल अजून मागे आहे किंवा तुमच्या योजनेत त्या टप्प्यावर तो नाही, घाबरू नका. शनिवारची सवय म्हणूनच म्हटली.

हजेरी किती लागते?

योजनेवर आहे. सर्वसाधारणपणे ७५ टक्के धरून चाला, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला आणि केंद्राच्या शिष्यवृत्तीलाही तेवढीच मागतात. काही योजनांची अट कमी असेल, पण कॉलेजचा आणि विद्यापीठाचा ७५ चा नियम आहेच, त्यामुळे कमी हजेरीवर परीक्षेलाच बसायचे वांधे होतील, मग स्कॉलरशिपचं कसलं घेऊन बसलात.

आता आपल्याकडचं खरं सांगते. गणपतीला आठ-दहा दिवस, शिमग्याला पालखी नाचवायला पाच-सहा दिवस, आंब्याच्या सीझनला बागेत पेट्या भरायला, आणि ज्यांच्या घरी होडी आहे ती मुलं ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठली की बाबांबरोबर समुद्रावर. मी कुणाला जाऊ नका म्हणणार नाही, घर त्यावरच चालतं. पण सेमिस्टर असतं जेमतेम नव्वद दिवस अभ्यासाचं, त्यात अशा वीस-बावीस दिवसांच्या सुट्ट्या झाल्या की ७५ गाठणं मुश्किल होतं. तेव्हा सप्टेंबरच्या शेवटाला वर्गशिक्षकांकडून आपली हजेरी काढून घ्या, तेव्हा कळलं तर उरलेल्या दिवसांत भरून काढता येते, नोव्हेंबरात कळून काय उपयोग.

आजारी होतात तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट परत रुजू झालात त्याच आठवड्यात द्या. गेल्या वर्षी एक मुलगा लेप्टोने बारा दिवस सिव्हिलला अॅडमिट होता, भाताच्या लावणीत झालेला, डिस्चार्ज कार्ड लगेच आणून दिलं, आम्ही फाईलला लावलं, काही अडचण आली नाही.

एटीकेटी लागली. स्कॉलरशिप बंद होणार?

पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला असेल, म्हणजे काही विषय राहूनही एटीकेटी घेऊन प्रमोट झालात, तर राज्याच्या बहुतेक योजनांत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. वर्ष वाया गेलं आणि त्याच वर्गात परत बसलात तर त्याच वर्षाची फी दुसऱ्यांदा मिळत नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत कोर्स चालू असताना दोन किंवा जास्त वर्षांचा खंडही चालत नाही.

केंद्राचं वेगळं आहे. बारावीच्या मार्कांवर जी सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती मिळते, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,०००, ती पुढे चालू ठेवायला दरवर्षी निदान ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे इथे नुसतं पास होऊन चालत नाही. ज्यांना ती मिळतेय त्यांनी पहिल्या सेमिस्टरचे मार्क बघूनच दुसऱ्याची तयारी करावी.

रिझल्ट लागला नाही म्हणून नूतनीकरण अडलंय असंही होतं, मुंबई विद्यापीठाचे निकाल कधी लांबतात हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा फॉर्म अर्धवट का होईना भरून ड्राफ्टला ठेवा आणि निकाल लागला की मार्क टाकून त्याच दिवशी सबमिट करा.

नूतनीकरण आपोआप होतं ना? गेल्या वर्षी सगळं दिलेलं.

नाही होत. दरवर्षी अर्ज करायचा. नवा अर्ज भरायचा नाही, 'रिन्यूअल'च भरायचा, नाहीतर दोन अर्ज दिसतात आणि दोन्ही अडकतात.

उत्पन्नाचा दाखला कधी काढू?

एप्रिल-मेमध्ये. कॉलेज सुरू झाल्यावर नाही. दाखला तहसीलदारांचा लागतो, एक वर्षाचा किंवा तीन वर्षांचा मिळतो, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते हे लक्षात ठेवा. म्हणजे फेब्रुवारीत हौसेने काढलात तर जूनमध्ये तो कामाचा नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये सेतूत आणि ई-सेवा केंद्रात काय गर्दी असते ते बघितलं असेलच, त्यात पावसाने लाईट जाते, सर्व्हर डाऊन असतो, तलाठी पंचनाम्याला गेलेले असतात. मेमध्ये तेच काम दोन फेऱ्यांत होतं. तलाठ्यांचा अहवाल, रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र एवढं घेऊन जा. बाबांचं उत्पन्न हंगामी असेल, आंबा किंवा मासे, तर वर्षभराचं मिळून सांगा, चांगल्या महिन्याला बाराने गुणू नका आणि उगाच कमीही सांगू नका. आई कामाला असेल तर तिचंही धरतात.

आकडे लक्षात ठेवा: अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला वर्षाला अडीच लाखांपर्यंत, राजर्षी शाहू योजनेला आणि ओबीसीच्या फी सवलतीला आठ लाखांपर्यंत.

हॉस्टेलला राहते, पंजाबराव देशमुख योजनेला आमचा सातबारा चालेल का? त्यावर सतरा नावं आहेत.

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि नोंदणीकृत मजुरांची मुलं धरतात. त्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो आणि तो सातबाऱ्यावरून मिळतो.

कोकणात सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं असतात, अर्धे मुंबईत, काही वारलेले, वारस नोंदच झालेली नाही. त्याने दाखला अडतो तो क्षेत्रामुळे नाही, क्षेत्र आपल्याकडे असतंच किती, गुंठ्यातच. अडतो नावामुळे, बाबांचं नाव उताऱ्यावर नसेल तर. आजोबा वारले आणि वारस नोंद राहिलीय असं असेल तर ती आधी करून घ्या, त्याला नोटीस, हरकतीची मुदत असं करत वेळ लागतो. म्हणजे मुलगी अकरावी-बारावीला असतानाच. गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात तेव्हा काकांच्या सह्या एका दिवसात होतात, तो मुहूर्त सोडू नका.

हॉस्टेलचा दाखला किंवा भाड्याने राहत असाल तर भाडेकरार लागतो. रूम बदललीत मधेच तर नवीन करार करून ठेवा.

जात पडताळणी अजून आली नाही. तोवर फी कोण भरणार?

राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्यांना व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, लागतेच, आणि ती मुदतीत दिली नाही तर प्रवेशच ओपनमध्ये जातो, मग फी पूर्ण. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज करा.

पुराव्याची तारीख महत्त्वाची. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्याकडे कुणबी, भंडारी यांच्या घरी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नसतोच बहुतेक, तेव्हा गावच्या मराठी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची गाव नमुना १४ ची नोंद, असं शोधावं लागतं. जुन्या नोंदी मोडीत असतात, त्यांचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं. चुलत काकाची किंवा आत्याची व्हॅलिडिटी झाली असेल तर ती फार उपयोगाला येते, वंशावळ नीट मांडा.

मुलींची फी पूर्ण माफ झालीय ना? मग कॉलेज पैसे का मागतंय?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण मिळतं, आधी निम्मं मिळायचं. उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणि आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही आहे, फक्त नूतनीकरणाचा अर्ज करायला हवा.

पण 'माफ' हा शब्द फसवा आहे. अर्ज भरल्याशिवाय काहीच माफ होत नाही, आणि डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट यात नाही. फी पावती मागून घ्या आणि त्यात ट्यूशन फी किती आणि बाकी काय ते वेगवेगळं लिहून घ्या. ट्यूशन फी पूर्ण मागत असतील तर लेखी मागा. गेल्या वर्षी एका बाईंनी मुलीसाठी कानातले गहाण टाकून फी भरली होती, कागद बघितला तर तिला काहीच भरायचं नव्हतं. फार वाईट वाटलं मला. कृपा करून आधी विचारा.

परीक्षेचा फॉर्म भरू देत नाहीत, आधी फी भरा म्हणतात.

स्कॉलरशिपच्या अर्जाची पावती, मंजुरीचं स्टेटस दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज, 'शिष्यवृत्ती जमा होताच शुल्क भरतो' असा. दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का घ्या. तोंडी बोललेलं टिकत नाही. तरीही ऐकलं नाही तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे किंवा तुमच्या खात्याच्या ऑफिसात तीच शिक्क्याची प्रत घेऊन जा, आणि परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख अर्जात ठळक लिहा.

पैसे माझ्या खात्यात आले. ते माझेच ना?

काही तुमचे, काही कॉलेजचे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो आणि केंद्राचा थेट मुलाच्या खात्यात येतो. त्यात निर्वाह भत्ता तुमचा आणि कॉलेजची फी आहे ती सात दिवसांत कॉलेजला भरायची. दोन हिस्से दोन वेगळ्या दिवशी येतात त्यामुळे गोंधळ होतो, एक वहीत तारीख आणि रक्कम लिहून ठेवा.

घरात अडचण असते, खात्यात तीस-चाळीस हजार दिसतात, होडीचं इंजिन बिघडलंय किंवा घराची कौलं बदलायचीत, पैसे वापरले जातात. मग वर्षाच्या शेवटी कॉलेज निकाल अडवतं. मला कोणाला रागवायचं नाही, पण ज्या दिवशी पैसे येतील त्या दिवशी आधी फीचा भाग बाजूला करा आणि पावती घेऊन या.

दोन स्कॉलरशिप एकदम घेता येतात?

एकाच फीसाठी दोनदा नाही. फीची एक आणि हॉस्टेलची एक असं काही योजनांत चालतं, शाहू महाराज आणि पंजाबराव ही जोडी त्यातलीच. केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आणि महाडीबीटीवर दोन्हीकडे भरलं आणि दोन्ही मंजूर झालं तर एक सोडावी लागते, मोठी कुठली ते बघून ठरवा. डिग्री-डिप्लोमाच्या मुलींना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्राची परिषद) 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,०००, एका घरातल्या दोनच मुलींना. राज्याच्या फी योजनेतही एका कुटुंबातल्या दोनच मुलांची अट असते, तेव्हा तिसऱ्याच्या वेळी आधी विचारून घ्या.

एज्युकेशन लोन मंजूर आहे, तरी दुसऱ्या सेमिस्टरचे पैसे बँक देत नाही.

बँक सगळं एकदम देत नाही, सेमिस्टरप्रमाणे किंवा वर्षाप्रमाणे थेट कॉलेजला पाठवते. दरवेळी तुम्हाला मागच्या सेमिस्टरची मार्कशीट आणि कॉलेजचं फी मागणीपत्र नेऊन द्यावं लागतं. फीच्या तारखेआधी तीन आठवडे जा. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत साधारण, आणि हप्ते कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि टेक्निकल किंवा व्यावसायिक कोर्स असेल तर शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं, त्याचा उत्पन्नाचा दाखला बँकेत दिलाय ना ते विचारा. बँक स्वतःहून फोन करून सांगेल याची वाट बघू नका.

मधेच घरची परिस्थिती बदलली, बाबा गेले / बागेचं नुकसान झालं. काही होऊ शकतं?

आधी आमच्याकडे या, एकटे राहू नका. नवीन उत्पन्नाचा दाखला काढता येतो, त्यावर पुढच्या वर्षी वेगळ्या योजनेत बसता येतं. त्याच वर्षी कॉलेजच्या विद्यार्थी सहायता निधीतून फीचे हप्ते पाडून मिळतात, 'कमवा आणि शिका'त लायब्ररीचं काम मिळतं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, त्या घरातली मुलं कॉलेज सोडायला निघाली होती. पंचनाम्याची प्रत जपून ठेवा, कुठे ना कुठे लागते. आणि एसटीचा विद्यार्थी पास एक-तृतीयांश भाड्यात मिळतो, तो तरी काढाच.

कागद पुरात भिजले. आता?

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं त्यानंतरच्या आठवड्यात एक मुलगी माझ्याकडे आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे दाखले, चिखलाचा वास, जातीच्या दाखल्याची शाई पसरून निळा डाग झालेला. आईने दोरीवर कपड्यांसारखे चिमटे लावून वाळवले होते. आम्ही एकेक पान वर्तमानपत्रात ठेवून सुट्टं केलं. तिचे तीन दाखले आपले सरकारवरून काढलेले होते, त्यांची प्रत परत मिळाली. मार्कशीट बोर्डाकडून डुप्लिकेट काढावी लागली, त्याला वेळ गेला.

म्हणून आजच सगळं डिजिलॉकरमध्ये घ्या, आणि स्कॅन करून स्वतःच्याच ईमेलला पाठवून ठेवा. मूळ कागद माळ्यावर, तळघरात किंवा जमिनीवरच्या ट्रंकेत नाही.

कॉलेज बदललं तर? किंवा सोडलं तर?

बदललं तर जुन्या कॉलेजमधून अर्ज रद्द करून घ्या, तोपर्यंत नवीन कॉलेजचा अर्ज भरता येत नाही. सोडणार असाल तर सोडायच्या आधी या. वर्षाच्या मधे सोडलं तर त्या वर्षाची मंजूर रक्कम थांबते आणि कॉलेज उरलेली फी मागून दाखला अडवतं असं होतं. बऱ्याचदा सोडायचं कारण पाच-सात हजारांचं असतं, आणि तेवढ्याची वाट निघते.

फोन आला, 'तुमची स्कॉलरशिप मंजूर झाली, ओटीपी सांगा'.

सांगू नका. सरकारी खातं ओटीपी मागत नाही, प्रोसेसिंग फी मागत नाही, लिंक पाठवून क्लिक करायला सांगत नाही. ठेवा फोन. दिला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर कॉल करा, नंतर बँकेत जा.

नक्की कोणत्या ऑफिसात जायचं ते कळतच नाही.

पहिल्यांदा कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलावर. तिथे काम झालं नाही तर अनुसूचित जातीचं समाजकल्याणला, ओबीसी-भटक्यांचं इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा ऑफिसात, बीए-बीकॉम-बीएस्सीच्या शाहू योजनेचं कोकण विभागाच्या उच्च शिक्षण सहसंचालकांकडे पनवेलला, रायगडच्या कातकरी आणि इतर आदिवासी मुलांचं पेणच्या प्रकल्प कार्यालयात. मालवणहून एक वडील आले होते, रात्रीची गाडी पकडून, टेबलाला हात टेकून म्हणाले, 'बाय, झिलाचे पैसे खंय अडाकले ता बघ गो.' चुकीच्या ऑफिसात दोन दिवस फिरून आले होते. अर्जाचा आयडी आणला नव्हता, आधी तो शोधण्यात तास गेला. तेव्हा कुठेही जाताना अर्जाचा आयडी, आधार आणि स्टेटसची प्रिंट सोबत असू द्या.

सायबर कॅफेवाल्याने लॉगिन बनवलं, पासवर्ड त्याच्याकडेच आहे, आता तो दुकान बंद करून गेलाय.

लॉगिनच्या पानावर युजरनेम विसरलो, पासवर्ड विसरलो असे पर्याय आहेत, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. नंबर त्याचाच असेल तर आधार घेऊन ऑफिसात या, आपण प्रोफाईल उघडून नंबर बदलता येतो का ते बसून बघू. नवीन दुसरं लॉगिन मात्र बनवू नका, एका आधारवर दोन प्रोफाईल झाले की दोन्ही अर्ज अडकतात. आणि मिळालेला पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहा, आईला दाखवून ठेवा.